स्पॅनिश बोलणारे जाड्या-रड्या: ‘पोलितिकेरिआस’ची प्रिंट घ्यावी का?

तुम्ही नोकरीनिमित्त बार्सिलोनात राहता आणि रविवारी सकाळी सांत आंतोनीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जाता. तिथल्या एका विक्रेत्याने तुम्हाला १६ एमएम (म्हणजे १६ मिलिमीटर रुंदीच्या) फिल्मचे दोन डबे दाखवले. त्यांवर ‘पोलितिकेरिआस’ असं लिहिलंय आणि सोबत त्याच नावाचं एक छोटं छापील पत्रक आहे. ही १९३१ ची मूळ प्रिंट आहे असं तो म्हणतो आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगतो. चित्रपटाचा थोडा भाग तुम्ही पाहिलात, त्यात लॉरेल-हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, चक्क स्पॅनिश बोलताना दिसले. हे डबिंगच असणार, मग एवढी किंमत कशाची, लोक याच्या मागे का लागतात आणि आपण घ्यावं का, असे तुमचे प्रश्न आहेत.

‘पोलितिकेरिआस’ हे डबिंग नाही. खऱ्या प्रतीत ऐकू येतो तो आवाज त्या दोघांचाच आहे. विक्रेत्याचा ‘१९३१ ची मूळ प्रिंट’ हा दावा मात्र डबा न उघडताही खोडून काढता येतो, तो कसा ते पुढे सांगतो. आणि घ्यावं का, तर योग्य किमतीला जरूर घ्या, पण प्रोजेक्टरवर चढवण्याची घाई करू नका. जुन्या फिल्म आणि सिनेमाचे कागद जमवण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलंय. लॉरेल-हार्डींच्या एवढ्या चित्रपटांमधून एकच ठेवायला सांगितला, तर मी हाच ठेवीन. त्याचं कारण नीट सांगायचं तर सुरुवात बोलपटांच्या पहिल्या दिवसांपासून करावी लागेल.

मूकपटांच्या काळात परदेशी बाजाराची चिंता नव्हती. इंग्रजी पाट्या काढायच्या, स्पॅनिश घालायच्या आणि रिळं माद्रिदला किंवा ब्यूनोस आयरेसला रवाना करायची. १९२९ च्या सुमारास पडदा बोलू लागला आणि हा सोपा मार्ग बंद झाला. आवाज मागाहून बदलण्याचं तंत्र तेव्हा फार कच्चं होतं. म्हणून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी तोच चित्रपट दुसऱ्या भाषेत नव्याने चित्रित करायला घेतला. बहुतेकांनी त्यासाठी नट बदलले. युनिव्हर्सलने १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ दिवसा इंग्रजीत केला आणि रात्री त्याच सेटवर कार्लोस विल्यारियास आणि लुपिता तोवार यांना घेऊन स्पॅनिशमध्ये. त्या स्पॅनिश आवृत्तीचं एक गहाळ रीळ पुढे क्यूबाच्या चित्रपट संग्रहालयात सापडलं आणि चित्रपट पुन्हा पूर्ण झाला. आज अनेक जाणकारांना ती आवृत्ती इंग्रजीपेक्षा सरस वाटते.

लॉरेल-हार्डींचे निर्माते हॅल रोच यांना नट बदलणं परवडणारं नव्हतं. कल्व्हर सिटीतल्या त्यांच्या स्टुडिओकडे विकायला होते ते विनोदवीरांचे चेहरे. लॉरेल-हार्डींच्या जागी दुसरी जोडी उभी केली, तर प्रेक्षक कशाला येईल? त्यामुळे एक अक्षर स्पॅनिश न येणाऱ्या या दोघांनाच स्पॅनिश बोलायला लावलं. संवाद उच्चाराबरहुकूम रोमन अक्षरांत फळ्यावर लिहायचे, फळा कॅमेऱ्याला दिसणार नाही असा धरायचा आणि बाजूला भाषेचा शिक्षक उभा करायचा. एक दृश्य इंग्रजीत झालं की तोच सेट, तीच प्रकाशयोजना, आणि तेच दृश्य स्पॅनिशमध्ये. काही चित्रपटांच्या तर फ्रेंच, जर्मन आणि इटालियन आवृत्त्याही याच पद्धतीने झाल्या. रोच यांच्याकडच्या चार्ली चेस आणि हॅरी लँग्डन या विनोदवीरांनीही स्पॅनिश लघुपट केले. एमजीएम स्टुडिओमध्ये विनोदवीर बस्टर कीटनने १९३० मध्ये ‘एस्त्रेयादोस’ आणि ‘दे फ्रेन्ते, मार्चेन’ हे दोन स्पॅनिश चित्रपट स्वतःच्या आवाजात केले.

मराठी माणसाला ही कल्पना अनोळखी वाटायचं कारण नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे दोन्हींत होते. फरक एवढाच की प्रभातच्या मंडळींना हिंदी कळत होतं, बोलता येत होतं. कल्व्हर सिटीतल्या या दोघांना आपण नेमकं काय बोलतोय ते शिक्षकाने सांगितलं तेवढंच माहीत असायचं. तरीही विनोद जागेवर पडतो. विनोदाची वेळ शब्दांवर किती अवलंबून असते आणि शरीरावर किती, हे तपासायचं असेल तर या चित्रपटांइतकी चांगली संधी दुसरी मिळणार नाही.

आता ‘पोलितिकेरिआस’. त्याचं इंग्रजी भावंड म्हणजे ‘चिकन्स कम होम’, १९३१ च्या फेब्रुवारीत आलेला अर्ध्या तासाचा लघुपट. हार्डी हा खतांचा प्रतिष्ठित व्यापारी, नगराध्यक्षपदाचा उमेदवार. अशा वेळी जुनी प्रेयसी एक जुना फोटो घेऊन उगवते आणि पैसे मागते. संध्याकाळी घरी मोठी मेजवानी असते, म्हणून हार्डी तिला गुंतवून ठेवण्याची कामगिरी लॉरेलवर सोपवतो. पुढे काय होतं याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. कथानकही नवं नव्हतं. १९२७ च्या ‘लव्ह ’एम अँड वीप’ या मूकपटाचीच ती नवी मांडणी. त्या मूकपटात अडचणीत सापडलेला व्यापारी जेम्स फिनलेसनने केला होता आणि हार्डी एका किरकोळ भूमिकेत होता. चार वर्षांत पारडं फिरलं. हार्डी मालक झाला आणि फिनलेसन त्याच्या घरचा बटलर, जो मालकाचं गुपित झाकण्यासाठी दर वेळी हात पुढे करतो. स्पॅनिश आवृत्तीतही बटलर तोच आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, टक्कल पडलेला, नकली मिशीचा फिनलेसन डोळे बारीक करून स्पॅनिश बोलतो, आणि एकही शब्द न कळता आपल्याला त्याच्या मनातला आकडा कळतो.

इंग्रजीत अर्धा तास चालणारा हा चित्रपट स्पॅनिशमध्ये जवळपास तासभर आहे. स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत लॉरेल-हार्डींना एवढी मागणी होती की त्यांचे लघुपट मुख्य चित्रपट म्हणून लावले जात. साहजिकच मोठ्या लांबीला मोठं भाडं मिळे. म्हणून रोच यांच्या स्टुडिओने कधी दोन लघुपट एकत्र शिवले (‘लोस कालावेरास’ हा ‘बी बिग’ आणि ‘लाफिंग ग्रेव्ही’ यांचा जोड आहे), तर कधी मधे नवी दृश्यं घातली. ‘पोलितिकेरिआस’च्या बाबतीत त्यांनी हार्डीच्या घरची मेजवानी लांबवली आणि पाहुण्यांच्या करमणुकीसाठी दोन कलाकार आणले. एक जादूगार अब्राहम कांतू आणि दुसरा हाजी अली.

भरतीला घातलेला भाग म्हणजे कंटाळा, असं आपण धरून चालतो. इथे तो भागच चित्रपटाचा कळस ठरला. हाजी अली हा इजिप्तहून आलेला रंगमंचीय कलाकार. गिळलेली वस्तू हवी तेव्हा, हव्या त्या क्रमाने पोटातून वर आणणं, ही त्याची कला. आधी तो पाणी पितो, एका मागून एक पेले, बघणाऱ्याला अस्वस्थ व्हायला होईल इतकं. त्यावर रॉकेल पितो. रॉकेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वर येताना तेच आधी येतं. त्याची धार तो समोरच्या छोट्या ज्योतीवर सोडतो आणि भडका उडतो. मग पोटातलं पाणी जोरात फेकून तीच आग विझवतो. कॅमेरा हलत नाही, मधे कात्री लावून काही लपवलंय असं कुठे वाटत नाही. तोंडातून सुटलेली ती लांब, अखंड धार पाहताना हे भौतिकशास्त्र आहे हे माहीत असूनही विश्वास बसत नाही. हाजी अली १९३७ मध्ये वारला. त्याच्या प्रयोगाचं चित्रीकरण फार थोडं झालं आणि त्यातलं सगळ्यात भरघोस, आवाजासह, टिकलं ते या विनोदी चित्रपटात. अमेरिकेचा जादूगार डेव्हिड ब्लेनने अलीकडच्या काळात हाच पाणी-रॉकेलचा प्रयोग पुन्हा केला आणि हाजी अलीचं नाव नव्या पिढीला कळलं.

संग्राहकांच्या ओढीचं मोठं कारण यातच आहे. लॉरेल-हार्डींचे भक्त या चित्रपटामागे असतातच. जगभर पसरलेली ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ ही त्यांची संघटना १९६५ पासून चालू आहे आणि तिच्या शाखांना तंबू म्हणतात, इतकी ही भक्ती जिव्हाळ्याची आहे. पण ‘पोलितिकेरिआस’ जादूच्या इतिहासाचा माग काढणाऱ्यांनाही हवा असतो. सुरुवातीच्या बोलपटांचा अभ्यास करणाऱ्यांना तो हवा असतो. शिवाय हॉलिवूडमध्ये काम केलेल्या स्पॅनिशभाषक नटनट्यांची गोष्ट गोळा करणारेही त्याच्या शोधात असतात. एकाच वस्तूसाठी इतक्या वेगवेगळ्या वाटांनी माणसं आली की किंमत चढते.

त्या नट्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांना फार थोडे लोक ओळखतात. इंग्रजीत हार्डीची बायको थेल्मा टॉड आहे. स्पॅनिशमध्ये ती भूमिका लिंडा लोरेदोने केली. रोच यांच्या स्पॅनिश चित्रपटांत ती वारंवार दिसते. भाषा तिची स्वतःची, त्यामुळे दृश्याची लगाम बऱ्याचदा तिच्या हातात असते. समोरचा गडी उच्चार आठवत चाचपडतोय आणि ही त्याला वेळ देत देत, तरीही राग न सोडता, दृश्य पुढे नेतेय. ‘कम क्लीन’ या इंग्रजी लघुपटात ती लॉरेलची बायको झाली, म्हणजे मुख्य प्रवाहात तिचा पाय पडत होता. पण त्याच वर्षी, १९३१ मध्ये, अगदी तरुण वयात ती वारली. आज तिचं काम पाहायचं तर याच चित्रपटांत. जुन्या प्रेयसीच्या भूमिकेत इंग्रजीत मे बुश आहे, तर स्पॅनिशमध्ये रीना दे लिग्वोरो. ही इटालियन मूकपटांतली मोठी नायिका, ‘मेसालिना’ हा चित्रपट गाजवलेली. मे बुशची प्रेयसी भांडकुदळ आणि चटपटीत आहे. रीनाची बाई राजेशाही ऐटीत घरात शिरते आणि तिच्यापुढे हार्डीची फजिती अधिक खोल वाटते. मला रीना जास्त आवडते.

हार्डीचं स्पॅनिश लॉरेलपेक्षा कानाला गोड लागतं. तो मूळचा गायक होता, सुरावर त्याचा ताबा होता, आणि अर्थ न कळताही वाक्याची चाल तो बरोबर पकडतो. लॉरेल अडखळतो, पण त्याचं पात्रच अडखळणारं असल्याने ते खपून जातं. या इंग्रजी वळणाच्या उच्चाराची स्पॅनिश प्रेक्षकांना इतकी सवय झाली आणि तो इतका आवडला की पुढे खरोखरचं डबिंग सुरू झाल्यावर डबिंग करणाऱ्यांनी तो मुद्दाम जपला. इटलीतही तेच झालं. तिथे हार्डीला आवाज देणारा आल्बेर्तो सोर्दी त्याच धाटणीने बोलत असे. तुमच्या बार्सिलोनातल्या वयस्कर शेजाऱ्यांना ‘एल गोर्दो इ एल फ्लाको’ यांची नक्कल करायला सांगा, हा उच्चार तुम्हाला ऐकायला मिळेल.

या सगळ्या आवृत्त्या महागड्या होत्या. डबिंग सुधारलं तसा हा उद्योग १९३१ च्या सुमारास गुंडाळला गेला. मग त्या आवृत्त्यांची कुणाला गरज उरली नाही, आणि गरज न उरलेल्या फिल्मचं जे होतं ते झालं. फ्रेंच आणि जर्मन आवृत्त्यांतल्या बऱ्याच हरवल्या. स्पॅनिशमधल्या मात्र बहुतेक तगल्या, हे आपलं नशीब. कधी कधी तर स्पॅनिश आवृत्तीच मूळ इंग्रजीची साक्षीदार ठरते. ‘ब्लॉटो’ हा १९३० चा इंग्रजी लघुपट १९३७ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना कापला गेला, त्याचं संगीत बदललं, आणि आज तो सहसा त्याच रूपात दिसतो. पहिल्या रूपाची कल्पना हवी असेल तर त्याची स्पॅनिश आवृत्ती ‘ला विदा नोक्तुर्ना’ पाहावी लागते. दुय्यम समजलेली प्रत कुठल्या दिवशी मुख्य पुरावा होईल, सांगता येत नाही. म्हणूनच सुट्या, विचित्र, अर्धवट रिळांकडे मी कधी दुर्लक्ष करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आता तुमच्या डब्यांकडे वळू. १६ एमएम फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली, पण ती मुकी होती. तिच्यावर ध्वनीची पट्टी आली १९३२ च्या सुमारास. म्हणजे १६ एमएमवर आवाजासह असलेला ‘पोलितिकेरिआस’ १९३१ चा असूच शकत नाही. १९३१ मध्ये चित्रपटगृहांत गेलेल्या प्रती ३५ एमएमच्या, नायट्रेट या ज्वालाग्राही फिल्मवरच्या. तुमच्याकडची प्रत नंतर केव्हातरी काढलेली आहे. त्याने तिचं मोल संपत नाही, पण विक्रेत्याच्या किमतीतला ‘मूळ प्रिंट’चा भाग मात्र संपतो. एवढं एकच वाक्य शांतपणे सांगितलंत तरी तो आकडा खाली आणेल.

त्यानंतर लांबी बघा. आवाजाची १६ एमएम फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते. हा चित्रपट साधारण ५५ मिनिटांचा, म्हणजे पूर्ण प्रत दोन हजार फुटांच्या आसपास भरली पाहिजे. डब्यात फूटभर व्यासाची, भरलेली दोन चक्रं असतील तर ती पूर्ण असण्याची शक्यता आहे. सात इंची चक्रं असतील तर त्यांत प्रत्येकी ४०० फूट, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम बावीस मिनिटं. मग तो तुकडा आहे. तुकडा असला तरी त्यात हाजी अली आहे का, हे नक्की बघा.

डबिंग केलेला इंग्रजी चित्रपट आणि खरी स्पॅनिश आवृत्ती यांतला फरक ओळखायला कान लागत नाहीत, डोळे पुरतात. हार्डीच्या बायकोचा चेहरा शोधा. थेल्मा टॉडचे सोनेरी केस दिसले तर तो डब केलेला ‘चिकन्स कम होम’ आहे. काळ्याभोर केसांची लिंडा लोरेदो दिसली तर तुमच्या हातात खरी वस्तू आहे. भिंग आणि प्रकाशाची पेटी (मोबाइलचा पांढरा पडदाही चालेल) घेऊन चार-पाच ठिकाणची चित्रं तपासली की एवढं कळतं. फिल्म कडेला धरूनच हाताळा, शक्यतो सुती हातमोजे घालून.

कडेवरच्या खुणाही वाचा. कोडॅक फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं छापत असे आणि त्यांवरून फिल्म बनल्याचं वर्ष निघतं. पण हीच चिन्हं दर वीस वर्षांनी पुन्हा येत. एका चिन्हाचा अर्थ वीस वर्षं पुढे-मागे होऊ शकतो, म्हणून नुसत्या तक्त्यावर विसंबू नका. शिवाय प्रत काढताना आधीच्या फिल्मवरच्या खुणाही नव्या फिल्मवर उमटतात. त्यामुळे एकाच कडेवर दोन पिढ्यांच्या खुणा दिसल्या तर गोंधळू नका. चित्रातला पांढरा भाग उडालेला आणि काळा भाग ठोकळ्यासारखा सपाट असेल, तर ती प्रतीची प्रत, बहुधा त्याहीपुढची. चेहऱ्यावरच्या करड्या छटा शाबूत असतील तर ती मूळ सामग्रीच्या जवळची, आणि तिला जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

नाकाला विसरू नका. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचं ॲसिटेट (चित्र ज्यावर असतं ती प्लॅस्टिकची पट्टी) कुजायला लागलंय. ही प्रक्रिया थांबत नाही, थंड आणि कोरड्या जागी ती मंदावते एवढंच. वास हलका असेल, फिल्म सपाट असेल, तर घ्या, पण आपल्या इतर फिल्मपासून लांब ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. फिल्म वळली असेल, आखडली असेल, तर साध्या प्रोजेक्टरच्या दात्यांवर चढवू नका, छिद्रं फाटतील. असं रीळ स्कॅन करणाऱ्या प्रयोगशाळेत दाते नसलेल्या यंत्रावर न्यावं लागतं.

यात एक इशारा तुम्ही न विचारताही देतो. हा विक्रेता किंवा दुसरा कुणी ३५ एमएमचे जुने डबे दाखवू लागला, तर ते घरी नेऊ नका. १९५० च्या आसपासपर्यंत ३५ एमएमसाठी नायट्रेट वापरत. ते पेटलं की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करतं, पाण्याने विझत नाही. २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेटवरचे कितीतरी जुने भारतीय चित्रपट गेले. त्यात प्रभातचा ठेवाही होता. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना या विषयावर आणखी काही सांगावं लागत नाही. विमानात किंवा टपालाने नायट्रेट पाठवायचं तर मनातही आणू नका. असं काही दिसलं तर थेट संग्रहालयाला कळवा.

पत्रकाचा हिशेब वेगळा. स्पेनमध्ये चित्रपटगृहं प्रेक्षकांना अशी छोटी रंगीत हस्तपत्रकं वाटत. त्यांना ‘प्रोग्रामा दे मानो’ म्हणतात आणि सांत आंतोनीच्या बाजारात त्यांचे ढीग असतात. पत्रक उलटं करा. मागे त्या गावच्या चित्रपटगृहाचं नाव, तारीख, कधी तिकिटाचा दर छापलेला असतो. ही मागची बाजूच त्याचा दाखला आहे. अमुक गावात अमुक रविवारी हा चित्रपट लागला होता, हे त्यावरून ठरतं. मागची बाजू कोरी असेल तर किंमत कमी धरा. तारीख स्पेनच्या यादवी युद्धानंतरची (१९३६-३९) असेल तर सावध व्हा. १९४१ पासून हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत परदेशी चित्रपटांना डबिंग सक्तीचं झालं, त्यामुळे तेव्हाच्या जाहिरातीतल्या नावाखाली नेमकी कुठली आवृत्ती दाखवली गेली हे नुसत्या पत्रकावरून ठरत नाही.

नकली पत्रकं भरपूर आहेत. ती ओळखायला अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी पुरते. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला १९५० च्या आसपास सुरुवात झाली. ती असतील तर अंधारात त्या प्रकाशाखाली कागद निळसर चमकतो. १९३१ चा खरा कागद मंद, पिवळट राहतो. कागद चमकला तर तिथेच हात जोडून निघा. न चमकणं हा मात्र पक्का पुरावा नव्हे, कारण जुन्या कोऱ्या कागदावर आज छापणारेही आहेत. मग भिंगाखाली अक्षरं पाहा. खऱ्या पत्रकावर अक्षरांच्या कडा स्वच्छ, भरीव असतात. जुनं पत्रक स्कॅन करून छापलं असेल तर अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसतात.

नुसता चित्रपट पाहायचा असेल तर इतका खटाटोप नको. अमेरिकेत २०११ मध्ये लॉरेल-हार्डींचा दहा डिस्कचा मोठा डीव्हीडी संच निघाला, त्यात स्पॅनिश आवृत्त्याही आहेत. तो अमेरिकी विभागासाठी आहे, त्यामुळे युरोपातल्या किंवा भारतातल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही, सगळ्या विभागांचा प्लेअर घ्यावा लागेल. आधी हा संच मिळवा, चित्रपट दोनदा पाहा. पहिल्यांदा उपशीर्षकं लावून, दुसऱ्यांदा बंद करून. मग तुमच्या डब्यांतली प्रत त्याच्याशी ताडून पाहता येईल. दृश्यांचा क्रम वेगळा आहे का, सुरुवातीची पाटी वेगळी आहे का, डिस्कवर नसलेला एखादा तुकडा आहे का, हे बारकाईने टिपा. फरक सापडला तर तुमच्या प्रतीचं महत्त्व एकदम वाढतं, मग तिचा दर्जा कितीही सुमार असो.

तेव्हा माझा सल्ला असा. विक्रेत्याला पुढच्या रविवारपर्यंत थोडी रक्कम देऊन डबे राखून ठेवायला सांगा आणि चार-पाच ठिकाणच्या चित्रांचे, कडेवरच्या खुणांचे आणि पत्रकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. तुमच्या शहरातच राव्हाल भागात ‘फिल्मोटेका दे कातालुन्या’ हे चित्रपट संग्रहालय आहे. ते फोटो तिथे पाठवा आणि अशी प्रत त्यांच्याकडे किंवा माद्रिदच्या ‘फिल्मोटेका एस्पान्योला’कडे आहे का ते विचारा. अशा ठिकाणची माणसं खासगी संग्राहकाच्या चौकशीला उत्तर देतात, फक्त प्रश्न नेमका हवा. लांबी पूर्ण निघाली, लिंडा लोरेदो दिसली आणि वास नसला, तर साध्या जुन्या १६ एमएम चित्रपटाच्या चालू दरापेक्षा थोडे जास्त मोजा, त्याहून अधिक नको. इंग्रजी लघुपटांच्या १६ एमएम प्रती ब्लॅकहॉकसारख्या कंपनीने घरगुती प्रेक्षकांना भरपूर विकल्या, त्या आजही मिळतात, त्यांच्या दराशी याची तुलना करू नका. पत्रक स्वतंत्रपणे पारखून त्याचे पैसे वेगळे ठरवा, दोन्ही मिळून एक आकडा मान्य करू नका. आणि संग्रहालयाने स्कॅन करून द्यायची तयारी दाखवली, तर रीळ घरी नेण्याआधी सरळ तिकडेच पोचतं करा.